जुना नंबर दाखवू नका

४ फेब्रुवारी
दुकानातून, गिऱ्हाईक नसताना

अक्का,

दरवेळी मी ‘पत्रास कारण की’ असं थाटात लिहितो आणि पुढे कारण काहीच नसतं. या खेपेला कारण आहे, तर पेन पुढे सरकत नाहीये. फोन करता आला असता तर एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. पण तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि कानाचं यंत्र तू ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवलंयस. तेव्हा वाच आता.

गेले कित्येक महिने माझा आवाज बसलाय. लहानपणी मला ‘भोंगा’ हे नाव तूच ठेवलंस, आणि ते मी इमानदारीने निभावलं. दुकानात चष्म्याचा नंबर काढताना मी ‘खालची ओळ वाचा’ म्हटलं की समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबून वाचायची. तो भोंगा फाटला. मी माझं निदान मीच केलं : सर्दी. सर्दी गेली, आवाज काही आला नाही. मग निदान बदललं : फार बोलतो. मग म्हटलं, वय झालं. गिऱ्हाइकांना वाटलं, मालक अचानक नम्र झाले. खोटं नाही सांगत, धंदा वाढला!

शेवटी ही म्हणाली, “अहो, तुम्ही घरात ओरडत नाही, मला भीती वाटायला लागलीय.” आणि मला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. नाकातून नळी घालून घशात बघतात, ठाऊक आहे? मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, माझ्यावरही कुणी मारेल असं डोक्यात आलं नव्हतं. एक तुकडा काढून तपासायला पाठवला. स्कॅन झाला.

कॅन्सर आहे, अक्का. आवाजाच्या पेटीचा. लिहिलं एकदाचं.

डॉक्टर म्हणाले, पेटी पूर्ण काढावी लागेल. गळ्याला खाली एक भोक ठेवणार, श्वास कायमचा तिथून. नंतर शेक, म्हणजे ते रेडिएशन. मी विचारलं, “आणि बोलणं?” तर म्हणाले, “आधी जगायचं बघू.” बस्स! ऑपरेशनची तारीखही देऊन टाकली, पुढच्या महिन्यातली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. माझ्यापेक्षा थोडेच लहान असतील, आणि डोळ्यांना चष्मा नाही. या वयात, एवढं बारीक काम करणारा माणूस, आणि चष्मा नाही? माझा नाही विश्वास बसत अशा माणसावर.

म्हणून मी दुसरं मत घ्यायचं ठरवलंय. तशी मतांची काही ददात नाही. दुकानाच्या जागेचा मालक म्हणतो कापू नका, कापलं की पसरतं. पेपरवाला म्हणतो कापाच. एका गिऱ्हाइकाचे काका म्हणे कसलीशी मुळी चघळून बरे झाले. नंतर चौकशी केली तर त्यांना मूळव्याध होती. मला मत हवंय ते डॉक्टरचं, आणि कोरं करकरीत. त्यासाठी मी एक युक्ती केलीय : दुसऱ्या डॉक्टरला फाइल दाखवायचीच नाही. हा आमच्या धंद्यातला नियम आहे. दुसरीकडचा कागद घेऊन कुणी आलं की मी हात करून थांबवतो, “जुना नंबर दाखवू नका!” कारण एकदा तो बघितला की आपला नंबरही त्याच्याच आजूबाजूला घोटाळत राहतो. डॉक्टरही माणूसच की.

कशी आहे डोकॅलिटी? काळजी करू नकोस, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझा
फाटका भोंगा


९ फेब्रुवारी

भोंग्या,

पत्र वाचलं आणि खुर्चीत बसून रडले. बहुधा फार मोठ्याने रडले असणार, कारण शेजारीण चपला न घालता धावत आली. मला माझं रडणं ऐकू येत नाही ना, त्यामुळे आवाज किती ठेवायचा ते कळत नाही. तिला वाटलं मी पडले. मी म्हटलं, मी नाही पडले, माझा भाऊ पडला. त्यावर ती विचारायला लागली, कुठे पडला, हाड मोडलं का. अर्धा तास गेला तिला समजावण्यात.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आणि आता मला टेलिफोनच ऐकू येत नाही, यावर सगळे हसतात. तूही हसतोस. त्या जड हेडफोनने कान खाल्ले असं मी सांगत फिरते. खरं म्हणजे आईचेही असेच गेले होते. पण हेडफोनवर ढकललं की जरा लढाईत जखमी झाल्यासारखं वाटतं. यंत्राचं म्हणशील तर ते घातलं की शिट्टी मारतं. परवा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे कुकरकडे बघावं तसे बघायला लागले. राहू दे ते ड्रॉवरमध्ये. माझं त्याच्यावाचून काही अडत नाही. समोरच्या गच्चीतलं नवरा-बायकोचं भांडण मी खिडकीत बसून त्यांच्या ओठांवरून वाचते. काल ती त्याला म्हणाली, “तुझ्या आईला तूच सांग, तुला तोंड नाही का?” एक शब्द सुटला नाही. न वाचता येणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे तू. त्या झाडूसारख्या मिशीआड सगळं गडप. मागच्या खेपेला आलास तेव्हा दोन तास बोलत होतास आणि मी दोन तास मिशी हलताना बघितली. मान डोलवली, ती प्रेमाने.

आता मुद्द्याचं. दुसरं मत घे. जरूर घे. इतका मोठा निर्णय एकाच्या सांगण्यावर घेऊ नये. पण ती युक्ती आधी चुलीत घाल. फाइल घेऊन जा, स्कॅन घेऊन जा, तुकड्याचा रिपोर्ट घेऊन जा, आणि बायकोला घेऊन जा. आमच्याकडे लोक अर्धा नंबर सांगायचे आणि वर घाई करायचे, “जोडा लवकर!” अर्ध्या नंबरावर लाइन लागत नाही रे. लागलीच तर भलत्याच घरी लागते.

पत्र मिळताच मला कळव. आणि जेवतोस ना नीट?

अक्का


१३ फेब्रुवारी
दुकानातून, विजयी मुद्रेने

अक्का,

तुझं पत्र पोहोचलं तेव्हा मी जाऊन आलो होतो. त्यामुळे त्यातला सल्ला वाया गेला, वाईट वाटून घेऊ नकोस. आणि बातमी ऐक : माझा आवाज वाचतोय!

सविस्तर सांगतो. दुसऱ्या डॉक्टर म्हणजे बाई आहेत. मी हिला दुकानात बसवून एकटाच गेलो, कारण हिला खोटं बोलता येत नाही. आत गेलो तर पहिल्याच नजरेत मन निवांत झालं. बाईंना चष्मा! फ्रेम चांगली, फक्त डाव्या कानाकडे उतरलेली. त्यांनी विचारलं, “आधी कुणाला दाखवलंय?” मी म्हटलं, “नाही.” “स्कॅन?” “नाही.” “कुणी तुकडा काढून तपासलाय?” “नाही हो.” तीनदा खोटं बोललो आणि तिन्ही वेळा आवाज असा खरखरला की माझा मलाच संशय आला.

पुन्हा नाकातून नळी. या वेळी मी सराईतासारखा बसलो, तर बाई जरा चमकल्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “गाठ आहे, आणि मला ती साधी वाटत नाही. तुकडा तपासू, स्कॅन करू. गाठ पेटीच्या आतच असेल तर शेक आणि औषधं देऊन आवाज वाचवायचा प्रयत्न करता येतो.”

ऐकलंस? वाचवता येतो! मला काय करू नि काय नको असं झालं. खिशात माझा बारका स्क्रू-ड्रायव्हर असतोच. म्हटलं, “बाई, जरा चष्मा द्या.” काडी सरळ केली, नाकाकडचं वाकवलं, घालायला दिला. त्या म्हणाल्या, “अरे वा, गेले सहा महिने माझं डोकं दुखत होतं!” आता सांग, अशा माणसाचं मत चुकेल का? त्यांनी लगेच स्कॅन करून या म्हणून चिठ्ठी दिली आहे. ती खिशात आहे. करू सावकाश.

येताना पहिल्या दवाखान्यात फोन करून ऑपरेशनची तारीख रद्द करून टाकली. अगदी नम्रपणे, म्हणजे सध्या जेवढा आवाज येतो तेवढ्यात. घरी येऊन हिला सांगितलं. भाजी चिरत होती, चिरत राहिली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. घरात आता एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला बोलायचं नाही. आनंदाच्या बातमीवर कुणी असं वागतं का? तूच सांग.

तुझा
(दुरुस्त होऊ घातलेला) भोंगा


१७ फेब्रुवारी

गाढवा,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्या बाई म्हणाल्या, ‘पेटीच्या आतच असेल तर.’ हे ‘असेल तर’ तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस आणि त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलायस. आत आहे की बाहेर, हे कशावरून कळतं? स्कॅनवरून. स्कॅन कुठे आहे? तुझ्या कपाटात. मला कानाने ऐकू येत नाही, पण तुझ्यापेक्षा बरं ऐकू येतं म्हणायचं.

तुझ्या दुकानातला तो साखरवाला आठवतो? आठवत नसेल तर मी आठवण करून देते, कारण ती गोष्ट तू दर भेटीला सांगतोस. त्याने डायबिटीस लपवला, तू नंबर काढून चष्मा करून दिलास, आणि साखर उतरली तसा नंबर बदलून तो पंधरा दिवसांत तुझ्याशी भांडायला आला. तू काय म्हणालास मला? “अक्का, हा माणूस डोळे घेऊन आला आणि दुखणं घरी ठेवून आला!” आणि मांडीवर थाप मारून हसलास. आता तू काय केलंस? गळा घेऊन गेलास आणि दुखणं कपाटात ठेवून गेलास. वर डॉक्टरचा चष्मा दुरुस्त करून आलास! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

तुझी बायको बोलत नाही कारण ती घाबरलीय. तुला बडबडीतलं प्रेम कळतं, गप्प बसण्यातलं कळत नाही.

एक सांगते, आणि हे नीट वाच. तुझ्या आवाजाचं कौतुक तुला असेल. मला तो गेली अकरा वर्षं ऐकूच येत नाही. मला त्याचं काय? मला भाऊ हवाय. मुका चालेल. फाइल उचल आणि जा.

अक्का


२८ फेब्रुवारी

अक्का,

उत्तराला उशीर झाला. आधी तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि मग रोज दवाखान्याच्या फेऱ्या.

गेलो. फाइल घेऊन, हिला घेऊन. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो, बाईंना कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. खुर्चीत टेकलो, घसा खाकरला, तोवर हिने सगळं सांगून टाकलं! तीन वाक्यांत. पहिले डॉक्टर, स्कॅन, तुकडा, युक्ती, सगळं. मी आपला फाइल मांडीवर घेऊन शाळेत पकडल्यासारखा बसलो. बाई म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं की इथे आधी कुणीतरी हात लावलाय. आणि नळी घालताना तुम्ही जरा जास्तच तयारीचे वाटलात.” ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी स्कॅन उजेडावर लावला आणि मला जवळ बोलावून दाखवला. पेटीभोवती कूर्चेचं टणक कवच असतं. ते गाठीने एका बाजूने खाल्लंय, आणि गाठ बाहेर आलीय. मलाही दिसलं, अक्का. मी दिवसभर भिंगांवरचे चरे शोधणारा माणूस, मला दिसणारच. बाई म्हणाल्या, “इथे शेक देऊन आवाज वाचवायला गेलो तर तुम्ही हाती लागणार नाही. ऑपरेशन, मग शेक. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. मीही हेच सांगते.”

मी आशेने विचारलं, “आणि बोलणं?” त्या म्हणाल्या, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक बारकी झडप बसवतात, मग शिकून बोलता येतं. आवाज वेगळा येतो, भसाडा, पण तो आपला असतो. मी एकदम उसळलो, म्हटलं, “मग त्या पहिल्यांनी हे का नाही सांगितलं?” तर ही म्हणाली, “सांगितलं होतं. तुम्ही त्यांचा चष्मा शोधत होतात.”

मला मत नको होतं, अक्का. मला माझ्या बाजूने भांडणारा वकील हवा होता.

एक गोष्ट मात्र कळली. नंबर काढताना मी दोन भिंगं पुढेमागे करतो आणि विचारतो, “हे बरं की हे?” लोक घाबरतात, चुकेल म्हणून अंदाजाने काहीतरी सांगतात. पण ज्या घडीला गिऱ्हाईक म्हणतं, “दोन्ही सारखंच दिसतंय हो,” त्या घडीला मी थांबतो. कारण नंबर सापडलेला असतो. चाळीस वर्षं मी हे करतोय, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा दोन्ही सारखं दिसल्यावर मीच हिरमुसलो.

पहिल्या डॉक्टरांकडे माफी मागायला गेलो. ते म्हणाले, “दुसरं मत घ्यायलाच हवं होतं. फक्त फाइल न्यायची असते.” पंधरा मार्चची तारीख मिळाली आहे. आणि ते बारीक अक्षर कसं वाचतात ते शेवटी विचारलंच. डोळ्यांत भिंगं बसवून घेतलीत म्हणे, मोतीबिंदू लवकर आला होता. म्हणजे तिथेही माझंच अज्ञान.

आदल्या दिवशी सकाळी भरती व्हायचंय. तिथे न्हावी येऊन दाढी-मिशी उतरवणार. हे ऐकून मी पेटीपेक्षा जास्त हळहळलो. ही म्हणाली, “मिशी परत येते.” बरोबर आहे तिचं. नेहमी असतं.

आता एक मागणं आहे. त्या दिवशी ये. आणि येताना ते यंत्र घालून ये, शिट्टी मारू दे नाहीतर आगगाडी जाऊ दे. तुला मुका चालेल म्हणालीस, वाचून बरं वाटलं. पण माझा हा आवाज, जसा कसा फाटका उरलाय तसा, जाण्याआधी तू एकदा ऐकावास असं मला वाटतं. नाव तूच ठेवलं होतंस ना त्याला?

भोंगा


५ मार्च

भोंग्या,

येते. तिकीट काढलं.

यंत्र ड्रॉवरमधून बाहेर काढलं, दुकानदाराकडून कानात नीट बसवून घेतलं, शिट्टी थांबली. म्हणजे इतकी वर्षं ते मी उलटं घालत होते. हसू नकोस. शेंगदाण्याएवढी बॅटरी असते, तीही नवी टाकली.

बाई बाई, काय जग गोंगाट करतं रे! फ्रिज सारखा कुरकुरतो. माझ्या चपला फटक फटक वाजतात, आणि मी अशी जिने चढत-उतरत होते, कुणी काही बोललं नाही. बोललं असेल म्हणा. समोरच्या गच्चीतलं भांडण पहिल्यांदा आवाजासकट ऐकलं. ओठांवरून वाचलेलं सगळं बरोबर निघालं, फक्त त्या बाईचा आवाज इतका गोड असेल असं वाटलं नव्हतं. इतक्या गोड आवाजात ती त्याला मूर्ख म्हणते!

तुझ्या आवाजाला मी भोंगा म्हटलं तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. शेजारच्यांच्या पाळण्यातल्या बाळाला उठवलंस म्हणून मार खाल्लास आणि आणखी मोठ्याने रडलास. मला तो आवाज अजून डोक्यात आहे. नवीन ऐकायला घाबरतेय जरा. पण येते.

तुझ्या बायकोला सांग, स्टेशनवर येऊ नकोस, मी पत्ता विचारत येईन. आता मला उत्तरही ऐकू येईल.

अक्का


८ एप्रिल
घरून, पलंगावरून

अक्का,

तू ऑपरेशननंतर चार दिवस थांबून गेलीस, तेव्हा मी नळ्यांच्या जाळ्यात होतो, निरोप नीट घेता आला नाही. म्हणून आज बसलोय.

गाठ पूर्ण निघाली. तपासणीत कडा स्वच्छ आल्या. शेक पुढच्या आठवड्यापासून. झडप बसवलीय, आणि एक बाई बोलायला शिकवायला येतात. परवा पहिला आवाज निघाला. ही स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं नळाला पाणी आलं.

तोवर पाटीवर लिहितो. गंमत म्हणजे भेटायला येणारे सगळे माझ्याशी ओरडून बोलतात! अहो, मी मुका झालोय, बहिरा नाही. आणि त्यांना हे सांगायला मला पाटी शोधावी लागते, तोवर ते आणखी ओरडतात. तू इतकी वर्षं कशी राहिलीस गं शांत? मी असतो तर पाटी डोक्यात घातली असती.

आता ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं. तू यंत्र घालून समोर बसलीस, आणि मी बोलायला लागलो. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणालीस, “अगदी बाबांसारखा झालाय.” ते मी जन्मात विसरणार नाही. पण थोड्या वेळाने मी सांगितलं की दुकानाचं शटर गंजलंय, तर तू म्हणालीस, “छान झालं.” मी म्हटलं, गिऱ्हाईक तुटतील, तर तू हसून मान डोलवलीस. तेव्हाच समजलो. बॅटरी संपली होती ना? मुद्दाम सांगितलं नाहीस, मला वाईट वाटू नये म्हणून. नवी बॅटरी टाकून आलीस म्हणे! प्रवासभर यंत्र चालूच ठेवलं असशील, जगाचा गोंगाट ऐकत.

मीही सांगितलं नाही. उलट सुटलो. म्हटलं, आता अक्काला ऐकू येत नाही, आणि माझं बोलणं वाचता येत नाही हे तिनेच लिहून दिलंय. मग जे बायकोजवळ बोलता आलं नाही, डॉक्टरांजवळ नाही, पत्रात तर नाहीच नाही, ते सगळं बोलून टाकलं. भोंग्याचा शेवटचा कार्यक्रम, आणि श्रोता बहिरा! याहून सोय ती काय. काय बोललो ते विचारू नकोस, सांगणार नाही. तुला वाटलं असेल मी पाणी मागतोय, म्हणून तू मधेच माझा हात धरलास आणि झोप लागेपर्यंत सोडला नाहीस. चुकीची लाइन लागली, पण बरं वाटलं.

तुझा
(नवीन आवाज येईपर्यंत बिनआवाजी) भोंगा


१२ एप्रिल

भोंग्या,

कडा स्वच्छ आल्या हे वाचून शेजारणीला बोलावून सांगितलं. या वेळी तिला एका झटक्यात कळलं.

बॅटरी संपली होती, बरोबर. प्रवासभर यंत्र चालू होतं, तेही बरोबर. शटरचं मला कळलं नाही, कारण तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून बोलत होतास. नंतर माझ्याकडे वळलास.

मी तीस वर्षांत चुकीची लाइन कधी जोडली नाही. तू पाणी मागितलं नव्हतंस. तू म्हणालास, “अक्का, मला फार भीती वाटतेय. कुणाला सांगू नकोस. हात धर.”

म्हणून धरला.

मिशी सकाळीच उतरवली होती, गाढवा.

अक्का